व्होल्ट कुठं मुरतात?

जुन्या मोटारसायकलचा हेडलाइट मंद वाटायला लागला की माणूस पहिल्यांदा बल्ब बदलतो. नवा बल्ब चार दिवस बरा वाटतो. नवं म्हटलं की सगळंच चार दिवस बरं वाटतं. मग तो बॅटरी बदलतो. त्यानंही भागलं नाही की पार्टच्या दुकानातला पोरगा काउंटरखालून शंभर-नव्वद वॅटचा बल्ब काढतो आणि म्हणतो, "ह्यो लावा काका, दिवस उगवंल." दिवस काही उगवत नाही. थोड्याच दिवसांत बल्बच्या होल्डरचं प्लास्टिक वितळून त्याचा वास यायला लागतो आणि रस्ता होता तेवढाच काळा राहतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे. जुन्या गाडीत दोष बहुतेक वेळा बल्बात नसतो, बॅटरीतही नसतो. तो मधल्या वाटेत असतो आणि मधली वाट कुणी बघत नाही.

आमची बुलेट १९७२ची. इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एन्फिल्डनं १९५५ साली मद्रास मोटर्सशी भागीदारी करून एन्फिल्ड इंडिया काढली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट बनू लागली. पुढं सत्तरच्या सुमारास मूळ कंपनीनं इंग्लंडात गाशा गुंडाळला. इथली बुलेट मात्र निघतच राहिली आणि तीही बरीच वर्षं फारसा अंगरखा न बदलता. माझ्या गाडीचं डोकं त्याच जुन्या वळणाचं आहे. ॲल्युमिनियमच्या एकाच ओतीव कवचात हेडलाइट, वर स्पीडोमीटर, शेजारी अँपिअरमीटर आणि दोन अंगांना दोन चिमुकले पायलट दिवे. त्यांना बुलेटवाले कौतुकानं वाघाचे डोळे म्हणतात. या डोळ्यांनी आपल्याला काहीच दिसत नाही, आपण दुसऱ्याला दिसावं एवढाच त्यांचा उपयोग.

माझ्याआधी ही गाडी अण्णा चालवत. त्यांच्या काळात ती सहा व्होल्टची होती आणि बल्ब तीस-पस्तीस वॅटचा. सहा व्होल्टच्या गाड्यांबद्दल थट्टा असायची, की दिवा लागलाय का हे बघायला काडी ओढावी लागते. त्याच उजेडात अण्णा रात्री-अपरात्री मळ्यात जात; शेतीची वीज रात्री यायची आणि मोटर चालू करायला माणूस हजर लागायचा. पुढं मॅग्नेटची कॉइल, रेग्युलेटर, बॅटरी सगळं बदलून त्यांनीच गाडी बारा व्होल्टवर आणली आणि एच-फोर हॅलोजन बल्ब बसवला. हा बल्ब युरोपात १९७१ साली आला. एकाच काचेत दोन फिलामेंट, डिपरचं ५५ वॅटचं आणि अप्परचं ६० वॅटचं. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते, ती खालच्या बाजूला जाणारे किरण अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यावर झोत जात नाही. इतकी हुशारी त्या काचेच्या बोटभर नळीत भरलेली आहे. आमच्या गाडीत मात्र ही हुशारी पिवळट, मरतुकड्या उजेडात वाया चालली होती.

कोल्हापूर-सांगलीकडं रात्री दुचाकी चालवणाऱ्याला ही चैनीची तक्रार वाटणार नाही. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्ता उसाचा असतो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर वाढ्यांच्या आड झाकलेला. त्यात एखादी ट्रॉली पंक्चर होऊन अर्धी डांबरावर उभी असते आणि तिच्यामागं खुणेला चार दगड. हे दगडही सकाळी तसेच राहतात, तो वेगळा विषय. अशा ट्रॉलीचा मागचा भाग आपल्या हेडलाइटला किती लांबून दिसतो, यावर पुढचं सगळं अवलंबून.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुलेटवर हयात घालवलेले एक मिस्त्री आहेत. अण्णांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याकडंच. त्यांनी हेडलाइट लावला, बंद केला, परत लावला आणि म्हणाले, "लाइट हाय की. उजेड न्हाई."

मी म्हटलं, "मामा, म्हणजे काय?"

"म्हंजे बॅटरीत हाय, बल्बापत्तुर पोचंना. मीटर घ्या की हातात. तुम्ही शिकलेली माणसं."

मल्टिमीटर घेऊन हे पोचणं-न पोचणं मोजता येतं. माझ्या मते जुन्या गाडीच्या मालकानं शिकावं असं हे पहिलं काम आहे, ऑइल बदलण्याच्याही आधीचं. हेडलाइट चालू ठेवायचा. मीटरची लाल काडी बॅटरीच्या धन टोकाला लावायची, काळी काडी बल्बच्या मागच्या धन पात्याला. आपण एकाच तारेची दोन टोकं मोजतोय, तेव्हा खरं तर काहीच दिसायला नको. पण मीटर आकडा दाखवतो. आमच्या गाडीत १.२ व्होल्ट दाखवला. मग तेच दुसऱ्या बाजूनं: बल्बचं अर्थिंगचं पातं आणि बॅटरीचं ऋण टोक. तिथं आणखी ०.६. बॅटरीवर १२.४ होते, बल्बाच्या हाती पडले १०.६.

एवढ्यानं काय होतंय, असं वाटेल. पण तापलेल्या फिलामेंटचा हिशेब सरळ नसतो. त्याचा उजेड व्होल्टांच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्होल्ट दहा टक्क्यांनी उतरले की उजेड तीस टक्क्यांनी उतरतो. आमचे उतरले होते साडेचौदा टक्के, म्हणजे उजेड उरला साठ टक्क्यांच्या आत. उजेड अंतराच्या वर्गानं विरळ होत जातो, हे शाळेत शिकलेलं इथं कामाला येतं. धडधाकट दिव्यात जी ट्रॉली साठ मीटरवर दिसली असती, ती आता शेहेचाळीस मीटरवर दिसणार. चौदा मीटरचा फरक. ताशी पन्नासच्या वेगानं चौदा मीटर जायला एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेककडं पाय जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच आमच्या वायरिंगनं खाल्ला होता. त्यात जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक. त्यांच्याबद्दल एवढंच म्हणतो, की ते विनंती ऐकतात, हुकूम ऐकत नाहीत.

मग हे पावणेदोन-दोन व्होल्ट मुरतात कुठं? पहिला संशय वायरवर जातो, पण तांब्याची वायर इतकी चोर नसते. एक चौरस मिलिमीटरची मीटरभर तार सतरा-अठरा मिलिओहमची. पाच अँपिअर करंट दोन मीटर नेला तरी वाटेत पाव व्होल्टही जात नाही. खरी गळती सांध्यांत आहे. बॅटरीपासून निघालेला करंट फ्यूजमधून अँपिअरमीटरला जातो, तिथून चावीच्या स्विचला, तिथून लाइटच्या स्विचला, तिथून डाव्या हँडलवरच्या डिपर स्विचला, आणि मग परत फिरून बल्बाकडं. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन जोड. जुन्या गोळीच्या आकाराच्या कनेक्टरवरची रबरी नळी मागं सारली की आत कळंक दिसतो. हिरवट-निळसर, आंबट भाजी ठेवलेल्या बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात येतो तोच. कळंकातून करंट जातो, पण जकात देऊन जातो. डिपर स्विचच्या आत तर पितळेची दोन पाती एकमेकांवर पन्नास वर्षं घासलेली आणि प्रत्येक वेळी उडालेल्या ठिणगीनं डाग पडून काळी झालेली.

मुरलेले व्होल्ट हवेत जात नाहीत. ते उष्णता होऊन बाहेर पडतात. आमच्या गाडीत सात-आठ वॅट असे वाटेत जळत होते. आजकाल तेवढ्या वॅटच्या एलईडी दिव्यात अख्खी खोली उजळते. आम्ही तेवढ्यावर स्विच शेकत होतो. हेडलाइट दहा मिनिटं चालू ठेवून डिपर स्विचच्या अंगाला बोट लावलं तर कोमट लागायचं. शंभर वॅटचा बल्ब लावणाऱ्याचं होल्डर का वितळतं, ते यावरून कळावं: करंट वाढला की त्याच सांध्यांवर गळतीही वाढते.

यात एक गंमत आहे. तीस वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर पाच अँपिअर ओढतो. साठ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवरही पाचच ओढतो. अण्णांनी गाडी बारा व्होल्टवर नेली तेव्हा त्या जुन्या स्विचवरचं ओझं वाढलंच नाही. वाढलं ते वय. तरुणपणी जे काम त्यानं विनातक्रार केलं, तेच काम त्याच्याकडून या वयात करून घेणं चालू होतं. मिस्त्रीमामांनी दोन पर्याय दिले. एक, स्विच काढून नवा टाका. दोन, स्विच राहू दे, त्याचं ओझं काढा.

त्या डिपर स्विचचा खटका जिथं अंगठा लागतो तिथं क्रोम उडालेला आहे. खालचा पिवळट धातू गुळगुळीत झालाय आणि किंचित खोलगट. तो अंगठा माझा नव्हे, मी एवढी गाडी चालवलेली नाही. त्यामुळं पहिला पर्याय माझ्यापुरता बादच होता. दुसरा पर्याय म्हणजे रिले.

रिले मोटारगाड्यांसाठी जन्मलेला नाही. लांबच्या तारेत विद्युतप्रवाह जाता जाता क्षीण होतो, या अडचणीतून तो आला. अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं १८३५च्या सुमारास दाखवून दिलं की अगदी दुबळा प्रवाहसुद्धा एका लोहचुंबकाला चेतवू शकतो, चुंबक एक पट्टी ओढतो आणि त्या पट्टीनं दुसऱ्या, ताज्या बॅटरीचं वर्तुळ जोडता येतं. तारायंत्राच्या लांब लांब वाटा यावर उभ्या राहिल्या. मुक्कामावर थकून पोचलेल्या ठोक्यानं फक्त दार वाजवायचं. पुढचा संदेश तिथली ताजी बॅटरी नेणार. १८५०च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई तारेनं जोडली गेली आणि आपल्याकडची ती सेवा २०१३च्या जुलैत बंद झाली. हा ठोकळा त्याआधीच टेलिफोनच्या एक्स्चेंजात, रेल्वेच्या सिग्नलात, लिफ्टमध्ये आणि पहिल्या संगणकांत शिरलेला होता. १९४७ साली हार्वर्डच्या अशा एका संगणकाच्या रिलेत एक पतंग अडकून सापडला आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. दिव्याच्या नादानं पतंग आमच्या गाडीवरही येतात. सुदैवानं आताचे रिले बंद डबीत असतात.

ज्यांच्याकडं विहीर आहे त्यांना तर हे समजावून सांगायची गरजच नाही. मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की आत जो खट्कन आवाज होतो, तो याच जातीच्या यंत्राचा. मोटरचा सगळा करंट त्या बोटाएवढ्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला सांगतं आणि कॉइल जाड पाती ओढून धरते. डीपीपासून लांबच्या विहिरीवर मोटर का उचलत नाही, हेही शेतकऱ्याला मीटरशिवाय कळतं. अण्णांना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. मळ्यात ते स्टार्टरचं बटण दाबत आणि ज्या गाडीवरून ते तिथं जात, तिच्या हेडलाइटला स्टार्टर नव्हता.

गाडीचा रिले म्हणजे इंचभर लांबी-रुंदीचा काळा ठोकळा. पोटाला चार पाती आणि प्रत्येकाशी आकडा: ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे जर्मन मानकातले. जगभर तेच चालतात, म्हणून कुठल्याही गावच्या वायरमनला ते पाठ असतात. ३० म्हणजे ताजा करंट आत येण्याची जागा, ८७ म्हणजे तो बल्बाकडं निघण्याची. ८६ला जुन्या डिपर स्विचकडून आलेली वायर जोडायची आणि ८५ला अर्थिंग. स्विच दाबला की ८६ आणि ८५च्या मधली कॉइल चेतते आणि ३० आणि ८७ आतल्या आत एक होतात. कॉइल ओढते साधारण दीडशे मिलिअँपिअर. बल्बाच्या पाच अँपिअरच्या तुलनेत तिसावा हिस्साही नाही. म्हाताऱ्या स्विचनं आता एवढंच वाहायचं.

रिले दोन घेतले, एक डिपरला, एक अप्परला. पाच पात्यांचा एकच रिले घेऊन दोन्ही भागवता येतं आणि दुकानदार तेच सुचवतो. पण आंबा घाटात तो एक बिघडला तर सगळाच खोळंबा. दोन असले तर एक गेला तरी दुसऱ्यावर घर गाठता येतं. पन्नास-शंभर रुपयांसाठी हा धोका कशाला घ्यायचा? प्रत्येक कॉइलवर एक छोटा डायोडही टाकला, पट्टीचं टोक ८६कडं. कॉइलचा प्रवाह तोडला की ती जाता जाता उलटा झटका देते आणि तो झटका ठिणगी होऊन त्याच जुन्या पितळी पात्यांवर पडतो. डायोड तो झटका आतच जिरवतो. दोन रुपयांची वस्तू, पण उलटी लावली तर फ्यूज उडवते; तिथं घाई नको.

ठोकळे बसवले टाकीच्या नाकाखाली, फ्रेमला, पाती खाली येतील असे. पाती वर ठेवली की पावसाचं पाणी त्यांच्या मुळाशी साठतं. गगनबावड्याकडचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. वायरी जाड घेतल्या, अडीच चौरस मिलिमीटरच्या. टोकांना थिंबल, पक्कडीनं दाबून नव्हे, थिंबल दाबायच्या खास पान्यानं. साध्या पक्कडीनं चेपलेलं थिंबल दिसायला घट्ट असतं आणि वर्षभरात ढिलं होतं. बुलेटच्या एका सिलिंडरच्या धडधडीपुढं सैल काही टिकत नाही. नट असो, थिंबल असो की मागं बसलेला पाहुणा.

मला सगळ्यात आवडलेला भाग असा, की जुन्या वायरिंगची एकही वायर कापावी लागली नाही. बल्बच्या मागं तीन पात्यांचं होल्डर असतं. ते बल्बावरून उपसलं आणि त्याच्या खाचांत नव्या वायरींची पाती घुसवली. जे होल्डर बल्बाला करंट द्यायचं ते आता रिलेच्या कॉइलना देतं. बल्बाला नवं चिनी मातीचं होल्डर, ते रिलेच्या ८७कडून. उद्या कुणाला सगळं मूळपदावर आणायचं असलं तर दोन्ही होल्डर उपसायचे, जुनं बल्बावर दाबायचं, संपलं. बल्ब हाताळताना तेवढं काचेला बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग धरतो आणि तिथंच ती तडकते.

करंट कुठून उचलायचा, यावर मात्र मिस्त्रीमामांचा आणि आमच्या एका बुलेटवेड्या मित्राचा वाद झाला. मित्राचं म्हणणं, सरळ बॅटरीच्या धन टोकावरून, सगळे तेच करतात. मामा म्हणाले, "आणि काट्याचं काय?" काटा म्हणजे अँपिअरमीटरचा. तो बॅटरी आणि बाकीच्या गाडीच्या मधे बसलेला असतो; बॅटरी भरत असेल तर अधिककडं झुकतो, रिकामी होत असेल तर उणेकडं. हेडलाइटचा करंट थेट बॅटरीवरून उचलला तर तो काट्याला वळसा घालून जातो. मग मॅग्नेटकडून आलेला करंट काट्यातून बॅटरीपर्यंत येतो आणि तिथून गुपचूप दिव्याकडं निघून जातो. काटा बिचारा दाखवत राहतो, की बॅटरी झकास भरतेय. प्रत्यक्षात ती भरत तर नसतेच, कदाचित उतरतही असते. म्हणून आम्ही करंट उचलला अँपिअरमीटरच्या पलीकडच्या टोकावरून आणि बॅटरीपासून काट्यापर्यंतची वायर जाड टाकली. दिव्याला दहा अँपिअरचा स्वतःचा फ्यूज दिला, म्हणजे दिव्यात काही शॉर्ट झालं तर दिवाच विझेल, इंजिन बंद पडणार नाही. आता अप्पर लावला की काटा पूर्वीसारखाच दचकून उणेकडं जातो आणि इंजिनानं वेग घेतला की सावकाश वर येतो. जुन्या गाडीत खरं बोलणाऱ्या वस्तू थोड्या असतात. आहे ती बिघडवू नये.

अर्थिंगचं अजून सांगायचं राहिलं. ते ०.६ व्होल्ट रिलेनं परत मिळणार नव्हते, कारण ते बल्बाच्या पलीकडं मुरत होते. हेडलाइटचं कवच हँडलला, हँडल पुढच्या फोर्कला, आणि फोर्क फ्रेमच्या गळ्यात छऱ्यांवर फिरतो. त्या छऱ्यांना ग्रीस भरलेलं. म्हणजे बल्बाचा परतीचा करंट ग्रीसमधल्या छऱ्यांवरून फ्रेममध्ये उतरत होता. हँडल वळवलं की उजेड किंचित थरथरायचा, आणि आम्ही इतकी वर्षं ते खड्ड्यांच्या नावावर खपवत होतो. बल्बाच्या होल्डरपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक काळी वायर टाकली. सबंध कामातली सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच.

परत मीटर लावला. दोन्ही बाजूंचे मिळून ०.३ व्होल्ट. उजेड बॅटरीच्या कुवतीच्या नव्वद टक्क्यांच्या वर, म्हणजे आधीच्या दीडपटीहून जास्त. बल्ब तोच, बॅटरी तीच, स्विच तोच. मामांनी गाडी भिंतीसमोर लावून अप्पर-डिपर करून बघितलं. आता प्रत्येक वेळी दोन आवाज येतात: आधी अंगठ्याखालचा जुना खटका आणि त्याला चिकटूनच टाकीखालून बारीक 'टिक्'. रिलेला पाती ओढायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ताशी साठच्या वेगात तेवढ्यात गाडी वीतभरही पुढं जात नाही. पण तो दुसरा आवाज ऐकायची सवय लागली की कान त्याची वाट बघतो. इंजिन चालू असताना अर्थातच ऐकू येत नाही. बुलेट आहे ती.

बुलेटवेडा मित्र अजून रुसलेला आहे. त्याच्या मते गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहायला हवी. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. तेव्हापासून त्याच्या बोलण्याला कायद्याची धार आली आहे. पण त्या नियमांचा रोख चॅसिस, बॉडी आणि इंजिनाच्या मोठ्या फेरबदलांवर आहे. टाकीखालचे दोन ठोकळे त्यात कुठं येत नाहीत. शिवाय तशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, मिरवणुकीपुरती उरते. मला ते नको. अण्णांनी सहा व्होल्टचे बारा केले, तेव्हा त्यांनी 'मूळ स्वरूप' असा शब्दसुद्धा काढला नव्हता. त्यांना मळ्यात जायचं होतं. जुन्या वस्तूचा मान ठेवायचा तर तिला कामावर ठेवावं आणि न झेपणारं ओझं तिच्यावरून उतरवावं, या मताचा मी आहे. हेडलाइट काढून त्या जागी निळसर एलईडी बसवणाऱ्यांशी माझं भांडण यामुळंच. हॅलोजनसाठी घडवलेल्या वाटीत तो दिवा झोत धरत नाही, नुसता फुटतो, आणि त्याचा त्रास चालवणाऱ्याला नव्हे, समोरून येणाऱ्याला होतो.

रिलेचं मात्र उगीच कौतुक नको. तो वीज तयार करत नाही, वाटेत मुरलेली तेवढी वाचवतो. मॅग्नेटच कमी वीज देत असेल, किंवा गाडी अजून सहा व्होल्टच्या जुन्या डायनॅमोवर असेल आणि तुम्ही तिच्यावर साठ वॅट लादणार असाल, तर रिले बॅटरी लवकर उतरवण्यापलीकडं काही करणार नाही. बॅटरी फारच उतरली की कॉइलला पाती धरवत नाहीत आणि टाकीखालून करकर ऐकू येते. ती तक्रार रिलेची नसते.

तेव्हा तुमच्याकडं अशी गाडी असेल तर रिले आणायला लगेच दुकानात जाऊ नका. आधी हेडलाइट लावा, मीटर घ्या, बॅटरीपासून बल्बापर्यंत दोन्ही बाजू मोजा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असतील तर तुमचा स्विच अजून धडधाकट आहे, त्याला त्याचं काम करू द्या. अर्थिंगच्या बाजूला जास्त दिसले तर नुसती एक काळी वायर टाका. धन बाजूला एक व्होल्ट ओलांडला असेल तरच रिले घ्या. दोन घ्या.